भाकरी सोडली तर गुडघे दुखायचे थांबतात का?

गेल्या जूनमधली गोष्ट. आवणीला अजून पंधरा दिवस होते. तळेघरच्या बाजूच्या एका गावात ग्रामसंघाची बैठक चालली होती. हप्ते गोळा झाले, मग कर्जाचे अर्ज वाचायला घेतले. एक अर्ज होता सहा हजारांचा, अन् कारणाच्या जागी लिहिलं होतं 'गुडघ्याचे औषध'. एवढं महाग औषध कोणतं म्हणून विचारलं, तर मावशींनी पिशवीतून डबा काढला. आठवडे बाजारात एकाने दिला होता. सकाळ-संध्याकाळ जेवणाऐवजी त्यातली पावडर पाण्यात घालून प्यायची, भात-भाकरी पूर्ण बंद करायची, अन् तीन महिन्यांत गुडघे मोकळे. त्यात चाकणला राहणाऱ्या भाचीनं मोबाईलवर एक व्हिडिओ पाठवला होता. त्यातही तेच: पिठाचं खाणं बंद, सांधेदुखी बंद.

मावशींनी बारा दिवस भाकरीला हात लावला नव्हता. 'मग बरं वाटतंय का?' असं विचारलं, तर म्हणाल्या, "गुडघा हलका झालाय, खोटं कशाला सांगू. पण बसल्यावरून उठलं की डोळ्यापुढं अंधारी येते."

ही दोन्ही वाक्यं खरी होती. गुडघा हलका होणं अन् डोळ्यापुढं अंधारी येणं, दोन्ही एकाच कारणानं झालं होतं. ते कारण नीट कळलं, तर भाकरी सोडायची का, कोणी सोडायची अन् किती सोडायची, हे ज्याचं त्याला ठरवता येईल. म्हणून हा लेख जरा लांब झालाय. एका बैठकीला उरकणार नाही, पण घरी नेऊन वाचा.

आधी हे 'पिठाचं खाणं' म्हणजे काय ते बघू. पुस्तकात त्याला कर्बोदकं म्हणतात. भात, भाकरी, चपाती, पोहे, बटाटा, साबुदाणा, साखर, गूळ या सगळ्यांत मुख्य भाग कर्बोदकांचा. पोटात गेल्यावर त्यांची साखर होते, ती रक्तात उतरते अन् अंगाला काम करायची ताकद देते. जास्तीची साखर थोडी यकृतात अन् स्नायूंत साठते, बाकीची चरबी होऊन पोटावर, कमरेवर बसते. १०० ग्रॅम तांदळात साधारण ७८ ग्रॅम कर्बोदकं असतात. आता तुम्ही म्हणाल, आम्ही तर नाचणी खातो. नाचणी चांगलीच आहे, तिच्यात चोथा जास्त अन् कॅल्शियम तर तांदळाच्या कितीतरी पट. पण कर्बोदकं विचाराल तर तिच्यातही सत्तरच्या आसपास आहेत. 'नाचणी खाल्ली की वजन उतरतं' असं कोणी सांगितलं तर मान हलवू नका. चार भाकऱ्या नाचणीच्या असल्या तरी त्या चारच असतात.

आपल्या एका दिवसाचा हिशोब करून बघा. हिशोबाला आपण कच्च्या नाहीच. एका भाकरीला ६०-६५ ग्रॅम पीठ लागतं, म्हणजे ४५ ग्रॅम कर्बोदकं. दिवसाच्या तीन भाकऱ्यांचे १३५. रात्री ताटभर भात, म्हणजे १०० ग्रॅम तांदळाचा, त्याचे ७८. चार कप चहा, कपाला दोन चमचे साखर, म्हणजे ४० ग्रॅम. बेरीज अडीचशेच्या वर गेली, अन् यात बटाट्याची भाजी धरलेलीच नाही. डॉक्टर ज्याला कमी कर्बोदकांचा आहार म्हणतात, त्यात सौम्य प्रकारात दिवसाला १३० ग्रॅमपर्यंत चालतात. कडक प्रकारात मात्र २० ते ५० ग्रॅमच. ५० ग्रॅम म्हणजे अख्ख्या दिवसात एक भाकरी, बाकी काही नाही. व्हिडिओतली बाई हे कडक प्रकाराबद्दल बोलत होती, अन् ती बोलत होती तिच्यासमोर पनीर, बदाम अन् अंड्यांची ताटली ठेवून. आपल्या घरात भाकरी काढली तर ताटात काय उरतं? पातळ कालवण. तिथंच सगळं घोडं अडतं.

शास्त्र काय म्हणतं

भाकरी-भात कमी केल्यानं गुडघेदुखीवर परिणाम होतो का, याचा सरळ अभ्यास थोडाच झालाय. अमेरिकेतल्या अलाबामा विद्यापीठात झालेला एक अभ्यास २०२० साली छापून आला. गुडघ्याची झीज झालेले, ६५ ते ७५ वयाचे २१ जण निवडले. काहींना १२ आठवडे कमी कर्बोदकांचं जेवण, काहींना कमी तेला-तुपाचं, काहींना नेहमीचं. पहिल्या गटातल्यांना रोजच्या हालचालीत, उठता-बसता-चालताना, दुखणं कमी जाणवलं. रक्त तपासलं तर अंगातल्या पेशींना इजा करणाऱ्या घटकांची खूणही कमी दिसली. पण मैत्रिणींनो, एकूण माणसं २१. आपल्या दोन गटांत मिळून त्याहून जास्त बायका असतात. एवढ्यावरून 'सिद्ध झालं' म्हणता येत नाही, 'आशा आहे' एवढं म्हणता येतं.

वजन अन् गुडघा यांच्या नात्याचं मात्र पक्कं माहीत आहे. अमेरिकेतल्याच अभ्यासात दिसलं, की झीज झालेल्या जाड माणसाचं वजन एक किलो उतरलं तर चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोनं कमी होतो. पाच किलो उतरलं तर वीस किलो. वीस किलो म्हणजे पाण्यानं भरलेला मोठा हंडा! विहिरीवरून घरापर्यंत डोक्यावरून हंडा आणणं अन् रिकाम्या हातानं येणं, यातला फरक तुम्हाला कोणी समजावून सांगायची गरज नाही. २०१३ साली छापून आलेल्या एका मोठ्या अभ्यासात पंचावन्नच्या पुढच्या ४५४ जाड माणसांवर दीड वर्ष लक्ष ठेवलं. ज्यांनी खाणं आवरलं अन् व्यायामही केला त्यांचं वजन सरासरी दहा-साडेदहा किलो उतरलं अन् दुखणं जवळजवळ निम्म्यावर आलं. नुसतं खाणं आवरणाऱ्यांपेक्षा अन् नुसता व्यायाम करणाऱ्यांपेक्षा दोन्ही करणाऱ्यांना जास्त आराम पडला. त्या अभ्यासात भात-पाव बंद नव्हते. एकूण खाणंच मोजून होतं.

अंगावरच्या चरबीची दुसरीही एक खोडी आहे. ती नुसती ओझं म्हणून बसत नाही, तिच्यातून सूज वाढवणारे पदार्थ रक्तात झिरपतात. म्हणून तर जाड माणसांच्या हाताच्या बोटांचे सांधेही जास्त झिजलेले दिसतात. बोटांवर काही अंगाचा भार नसतो! वजन उतरलं की ही सूजही उतरते.

म्हणजे उत्तर असं, की ज्या बाईचं वजन जास्त आहे तिनं भात-भाकरी-साखर कमी केली अन् त्यामुळं वजन उतरलं, तर तिचा गुडघा खरंच हलका होतो. पण तो भाकरी सोडल्याच्या पुण्यानं होत नाही, वजन उतरल्यानं होतो. वजन तेल कमी करून उतरवलं, साखर सोडून उतरवलं, तरी फायदा मिळतो. झिजलेली कुर्चा मात्र कशानंही पुन्हा उगवत नाही, पावडरनं तर नाहीच.

मावशींना अंधारी का आली

पिठाचं खाणं एकदम बंद केलं की अंग आधी साठवलेली साखर वापरतं. यकृतात अन् स्नायूंत मिळून ती चार-पाचशे ग्रॅम असते, अन् प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवलेलं असतं. साखर संपली की ते पाणी लघवीवाटे निघून जातं, बरोबर मीठही जातं. म्हणून पहिल्या आठवड्यात काट्यावर दीड-दोन किलो कमी दिसतात, अन् पावडर विकणारा म्हणतो, 'बघा, आठ दिवसांत गुण!' ते वजन पाण्याचं असतं. दोन दिवस भात खाल्ला की परत येतं.

मावशींना रक्तदाबाची गोळी चालू होती. अंगातलं पाणी-मीठ कमी झालं, गोळी तेवढीच राहिली, दाब खाली गेला, उठलं की अंधारी. आवणीच्या चिखलात त्यांना चक्कर आली असती तर? प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं तेव्हा डॉक्टरांनी दाब मोजून पहिला प्रश्न हाच केला: 'खाणं काय बदललं?'

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांना धोका याहून मोठा. साखर कमी करणारं औषध चालू अन् पोटात साखर देणारं काही नाही, मग साखर एकदम घसरते. थरथर, घाम, बडबड, कधी बेशुद्धी. अशा बाईनं डॉक्टरांना विचारल्याशिवाय भाकरी अर्धीसुद्धा कमी करू नये. पोटुशी बाई, अंगावर पाजणारी आई अन् मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी हे प्रयोग करायचेच नाहीत.

पण मला खरी धास्ती वाटली ती मावशींची नाही, त्यांच्या जावेची. एकाच घरात राहतात दोघी. थोरलीनं भाकरी सोडली म्हणून धाकटीनंही सोडली, तिचेही गुडघे दुखतातच. मावशींचं वजन ६४ किलो. जाऊबाईंचं? ३९. हिमोग्लोबिन तपासलं तर आठ. त्या बाईच्या अंगात उतरवायला चरबी होतीच कुठं? तिचे गुडघे ओझ्यानं दुखत नव्हते. मांडीचे स्नायू इतके खंगले होते, की सांध्याला धरून ठेवणारं कोणी उरलं नव्हतं. अशा बाईनं भाकरी सोडली तर पहिल्यांदा चरबी जात नाही, उरलासुरला स्नायू जातो, अन् गुडघा आणखी दुखतो. एकच व्हिडिओ, एकच चूल, अन् एकीला जो उपाय तोच दुसरीला अपाय.

इथं एक हिशोब आणखी सांगते, कारण तो कुठल्या व्हिडिओत येत नाही. ५० किलोच्या बाईला दिवसाला चाळीस-बेचाळीस ग्रॅम प्रथिनं लागतात. आपल्या तीन नाचणीच्या भाकऱ्या अन् ताटभर भात यांतून त्यातली वीस-बावीस ग्रॅम मिळतात. म्हणजे निम्मी प्रथिनं आपल्याला भाकरी-भातच देतो! शहरातल्या माणसानं भाकरी काढली तर त्याच्या ताटात बाकी बरंच असतं. आपण काढली तर कर्बोदकांबरोबर प्रथिनंही जातात. त्यात सगळ्यांचं झाल्यावर जेवायला बसायची आपली रीत. कालवणातल्या फोडी पोरांच्या ताटात, डाळीचं वरचं पाणी आपल्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांत रक्त कमी आढळलं, ते उगाच नाही.

दोनदा जेवायचं, ते हेच का?

बैठकीत हा प्रश्न आलाच. बऱ्याच जणींनी डॉक्टर जगन्नाथ दीक्षितांचं नाव ऐकलंय. नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारावरून त्यांनी ही पद्धत पुढं नेली: दिवसात दोनदाच जेवायचं, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत संपवायचं, मध्ये काही खायचं नाही, गोड टाळायचं अन् रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. ती सांगितली गेली वजन अन् मधुमेह आटोक्यात ठेवायला, गुडघेदुखीचं औषध म्हणून नाही. त्यात भाकरी बंद नाही. बसून काम करणाऱ्या, तीन-चारदा खाणाऱ्या माणसाला वजन उतरवायला तिचा उपयोग होऊ शकतो. पण सकाळी सातला शेतात उतरून दुपारी तीनला वर येणारी बाई आधीच दोनदा जेवते, तेही अर्धवट. अन् मधला चहा चालू ठेवून 'मी दोनदाच जेवते' म्हणणाऱ्याही आपल्यात आहेत. नावं घेत नाही.

आपल्या उपवासांचंही तसंच. श्रावणी सोमवार, चतुर्थी, एकादशी. उपवास म्हणजे कमी खाणं असं आपण धरतो, पण ताटात साबुदाण्याची खिचडी, बटाटा, वरई, गुळाचा लाडू. साबुदाणा तर जवळजवळ निव्वळ पिठूळच, शंभरात पंच्याऐंशीच्या वर कर्बोदकं. कर्बोदकं सर्वांत जास्त पोटात जातात ती उपवासाच्याच दिवशी! त्यातल्या त्यात शेंगदाणे तेवढे कामाचे. उपवास जरूर करा, पण त्यानं गुडघा हलका होईल या आशेवर नको.

दुखणं कोणतं ते आधी ओळखा

सगळी सांधेदुखी झिजेची नसते. चाळिशी-पन्नाशीनंतर गुडघा दुखतो, चढ-उतार केला की वाढतो, बसलं की बरं वाटतं, सकाळचा आखडलेपणा पंधरा-वीस मिनिटांत जातो, तर ती बहुधा झीज. आपलं काम बघा ना. आवणीत दिवसभर वाकून उभं राहणं, उकिडवं बसून निंदणी, डोक्यावर सरपण, हिरडा गोळा करायला डोंगर चढणं-उतरणं. गुडघा किती सोसणार?

पण दोन्ही हातांच्या बोटांची पेरं, मनगटं सुजतात, गरम लागतात, सकाळी तास-तास मूठ वळत नाही, अंगात कणकण राहते, तर तो आमवात असू शकतो. डॉक्टर त्याला रुमॅटॉइड म्हणतात. तो तरुण बायांनाही होतो. त्यात अंगाची रोगाशी लढणारी शक्तीच सांध्यावर उलटते. नॉर्वेत १९९१ मध्ये अशा रुग्णांना आधी उपवास अन् मग वर्षभर शाकाहार देऊन बघितलं, तेव्हा काहींना आराम पडला होता. पण सांधा वाकडा होण्यापासून वाचवायचा तर औषधच लागतं, अन् ते पहिल्या काही महिन्यांत सुरू झालं तर जास्त गुण येतो. अशी बाई सहा महिने भाकरी सोडून वाट बघत बसली तर बोटं कायमची वाकतात. तिला पुन्हा खुरपं धरता येत नाही.

पायाच्या अंगठ्याचा सांधा रात्रीत लालबुंद होऊन ठणकला, चादरीचा स्पर्शही सहन होईना, तर तो गाऊट. युरिक अॅसिड वाढल्यानं होतो. बायकांना बहुतेक पाळी गेल्यानंतर. यात भाकरी सोडून नुसतं मटण खाल्लं, किंवा कडक उपवास केला, तर उलट भडकतो. बाटलीतली गोड थंड पेयं अन् दारू यांनीही वाढतो. चिकनगुनियानंतरचं दुखणं महिनोन्महिने राहतं, त्याचा भाकरीशी संबंध नाही. अन् घरातल्या लहान पोराला लहानपणापासून हाडं-सांधे दुखायचे झटके येत असतील, अंगात रक्त राहत नसेल, तर सिकलसेलची तपासणी करून घ्या. आदिवासी भागात हा आजार दिसतो, अन् साध्या रक्ततपासणीत कळतो.

मग ताटात काय बदलायचं?

आधी वजन करा. पाच फूट उंचीच्या बाईचं वजन ४३ किलोच्या खाली असेल तर ते कमी आहे, ५३ च्या वर गेलं तर जास्त, ५८ च्या वर म्हणजे लठ्ठपणा. उंची कमी-जास्त असेल तर आशाताई किंवा आरोग्य केंद्रातल्या सिस्टर गणित करून देतील. कमरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या वर असेल तरी सावध व्हायचं.

वजन कमी असलेल्या जाऊबाईंसारख्या बायांनी काहीही सोडायचं नाही, भर घालायची. वजन जास्त असेल तर पहिला हात साखरेवर. मघाशी चहाचे ४० ग्रॅम मोजले. वर्षाचे होतात साडेचौदा किलोच्या वर. साखर, तीही एकट्या बाईची, नुसत्या चहातली! पारगावचा भीमाशंकर कारखाना आपल्याच तालुक्यातला, त्याला ऊस घालणारे पाहुणेही आपले, हे खरं. पण ती सगळी साखर आपणच संपवायला पाहिजे असं नाही. दोनाचा एक चमचा करा, महिन्यानं अर्धा. गूळ घातला म्हणून सुटका नाही, तीही साखरच.

मग भाकरी. सगळ्या सोडायच्या नाहीत. तीनच्या दोन करायच्या, ताटभर भाताचा वाटीभर करायचा, पण जी भाकरी काढली तिच्या जागी काहीतरी ठेवूनच. मूठभर कोरड्या हुलग्याची वाटीभर घट्ट उसळ, नाहीतर मूग, मसूर, वाल, घेवडा. भाकरीएवढंच पोट भरतं, कर्बोदकं निम्म्यावर येतात अन् प्रथिनं दुपटीच्या जवळ जातात. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं अन् कर्बोदकं जवळजवळ शून्य. गटातून कोंबड्या घेतल्यात ना? मग सगळी अंडी बाजारात न नेता आठवड्याची चार-पाच स्वतःच्या नावानं बाजूला ठेवा. डिंभ्याच्या धरणातले मासे, पावसाळ्यात ओढ्याचे खेकडे, हे आपलं जुनंच खाणं. अन् रानभाज्या: टाकळा, भारंगी, कुर्डू, फोडशी. ताटाचा निम्मा भाग भाजीनं भरला तर भाकरी आपोआप कमी लागते. देशाच्या पोषण संस्थेनं २०२४ मध्ये काढलेल्या मार्गदर्शनातही असंच म्हटलंय, की दिवसाच्या ताकदीपैकी धान्यातून ४५ टक्क्यांपर्यंतच यावी, बाकी डाळी, भाज्या, दूध, दाणे यांतून. मध्यंतरीच्या देशभरच्या पाहणीत आपण भारतीय ६२ टक्के ताकद नुसत्या कर्बोदकांतून घेतो असं निघालं. तेव्हा थोडं कमी करायला वाव आहेच. पण आवणी, कापणीच्या दिवसांत वजन उतरवायला जाऊ नका. अंगमेहनतीच्या दिवशी पोटभर जेवा. खाणं आवरायचं ते फेब्रुवारी-मार्चमध्ये.

यातलं काही घरात बोलल्याशिवाय होणार नाही, हेही खरं. बाईच्या ताटात उसळ घट्ट पाहिजे, अंडं तिलाही पाहिजे, हे सासूला, नवऱ्याला सांगावं लागतं. मावशींनी सांगितलं तेव्हा घरातून पहिला शब्द आला, "आता म्हातारपणी हिला अंडी!" मावशी म्हणाल्या, "सहा हजारांच्या डब्यापेक्षा स्वस्तच पडतंय की." मग कोणी बोललं नाही.

डब्याचंही सांगते. आम्ही तो डॉक्टरांना दाखवला. त्यावर आत काय आहे ते धड लिहिलेलं नव्हतं. सांधेदुखीच्या अशा पुड्या-गोळ्यांत कधी कधी स्टिरॉइड मिसळलेलं सापडतं. दोन दिवसांत दुखणं गायब होतं, भूक वाढते, तोंड सुजल्यासारखं गोल दिसतं, पुढं साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. चार दिवसांत जादूसारखा गुण आला तर खूश होऊ नका, घाबरा. अन् बरेच दिवस घेत असाल तर एकदम बंदही करू नका, आधी डॉक्टरांना दाखवा.

गुडघ्याला खरा आधार मांडीच्या स्नायूचा. खाटेवर किंवा खुर्चीवर बसा, एक पाय समोर सरळ करा, मांडी घट्ट आवळा, दहापर्यंत मोजा, खाली सोडा. मग दुसरा. दहा-दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. फुकटचा व्यायाम आहे म्हणून कोणी व्हिडिओत विकत नाही, पण झिजलेल्या गुडघ्याला यानं बळ येतं, वजन कमी असो की जास्त. निंदायला उकिडवं न बसता छोटं स्टूल किंवा लाकडी पाट घ्या. अन् भीमाशंकराच्या देवळाच्या पायऱ्या उतरताना कठड्याला धरून दुखरा पाय आधी खाली टाका. चढताना चांगला पाय आधी वर. उतरणंच जास्त दुखतं, हे तुम्ही ओळखलं असेलच.

मावशींचा कर्जाचा अर्ज त्यांनीच मागं घेतला. डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी पुन्हा बसवून दिली. दोन भाकऱ्या, वाटी भात, रोजची उसळ, बिनसाखरेचा चहा, तोही तोंड वाकडं करत. दिवाळीनंतर वजन ६० झालं. गुडघा पूर्ण बरा नाही, उतारावर अजून कळ येते, पण पहाटे उठून मोरीपर्यंत भिंत धरत जायच्या ते थांबलं. जाऊबाई लोहाच्या गोळ्या घेतात, भाकरी अन् अंडं दोन्ही खातात, ४२ किलोवर आल्यात. दोघी खाटेवर शेजारी बसून पाय सरळ करतात अन् नातवंडं मोठ्यानं दहापर्यंत मोजतात.

ग्रामसंघानं सातशे रुपयांचा वजनकाटा घेतलाय. पेटीबरोबर तोही दर बैठकीला येतो. तुमच्या ग्रामसंघातही पुढच्या बैठकीत हा विषय मांडा, अन् पहिल्यांदा वजन करायला लाजणाऱ्या बाईच्या आधी अध्यक्षताईंना काट्यावर उभं करा.